फुफ्फुसाचा कर्करोग आणि स्कॅन : रुग्ण आणि नातेवाईक वारंवार विचारतात ते प्रश्न

फुफ्फुसाच्या कर्करोगाची शंका आली की पहिल्या पंधरवड्यातच घरात तपासण्यांच्या चिठ्ठ्या जमू लागतात. एक्स-रे होतो, मग सीटी, मग कुणी पेट-सीटी सांगते, कुणी मेंदूचा एमआरआय सांगते, आणि एवढे सगळे झाल्यावर डॉक्टर म्हणतात की आता बायॉप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणी, करावी लागेल. एकाच आजारासाठी इतक्या तपासण्या कशासाठी, हा नातेवाइकांना पडणारा प्रश्न रास्त आहे. स्कॅन दोन गोष्टी चांगल्या सांगतो : गाठ कुठे आहे आणि आजार कुठपर्यंत गेला आहे. ती गाठ नेमकी कशाची आहे, हे मात्र तो खात्रीने सांगू शकत नाही. खालची बहुतेक उत्तरे या एका फरकाभोवती फिरतात.

छातीच्या एक्स-रेमध्ये डाग दिसला आहे. म्हणजे कर्करोगच का?

नाही. एक्स-रेवरचा डाग ही केवळ एक सावली असते. न्यूमोनिया, क्षयरोग, जुन्या क्षयरोगाचा वण, फुफ्फुसाभोवती साठलेले पाणी, बुरशीची गाठ, यांपैकी कशाचीही सावली तशीच पडू शकते. वय चाळिशीच्या पुढे असेल, विडी-सिगारेटची सवय असेल, थुंकीतून रक्त जात असेल, वजन उतरत असेल किंवा आवाज बसून तीन-चार आठवडे झाले असतील, तर मात्र त्या डागाचा पाठपुरावा लगेच करायला हवा. आवाजाचा उल्लेख मुद्दाम केला आहे, कारण स्वरयंत्राकडे जाणारी डावी नस छातीत खोलवर उतरून मग वर वळते, आणि तिथल्या गाठीचा दाब तिच्यावर पडला की घशात काही नसतानाही आवाज घोगरा होतो.

जुना एक्स-रे घरात असेल तर तो शोधून काढावा. पाच वर्षांपूर्वीच्या फिल्मवर तोच डाग त्याच आकाराचा असेल, तर चिंतेचा मोठा भाग तिथेच मिटतो.

एक्स-रे तर स्वच्छ आला होता. मग सीटी स्कॅन कशाला?

एक्स-रेमध्ये छातीतले सर्व अवयव एकाच सपाट चित्रात एकमेकांवर येतात. हृदयाच्या मागे, गळ्याच्या हाडाखाली, फासळ्यांच्या आड किंवा श्वासपटलाच्या घुमटामागे दडलेली गाठ त्यात सहज निसटते आणि एक सेंटिमीटरहून लहान गाठ बहुधा दिसतच नाही. सीटी स्कॅनमध्ये छातीचे पातळ आडवे काप घेतले जातात, त्यामुळे चार-पाच मिलिमीटरची गाठही वेगळी ओळखता येते. स्वच्छ एक्स-रे म्हणजे कर्करोग नसल्याचा दाखला नव्हे. लक्षणे टिकून असतील तर सीटी करावाच लागतो.

फुफ्फुसाच्या अगदी शेंड्याला होणारी गाठ हे याचे ठळक उदाहरण आहे. फिलाडेल्फियातील हेन्री पॅनकोस्ट या क्ष-किरणतज्ज्ञाने तिचे वर्णन केले, म्हणून तिला पॅनकोस्ट ट्यूमर म्हणतात. अशा रुग्णाला सुरुवातीला बहुधा खोकला नसतो. दुखतो तो खांदा, आणि मुंग्या येतात हाताच्या करंगळीकडच्या बाजूला. परिणामी मानेच्या मणक्याचा किंवा खांदा जखडल्याचा इलाज काही महिने चालतो आणि एक्स-रे काढला तरी गळ्याच्या हाडाआडची सावली नजरेतून सुटते.

वडिलांना टीबीची औषधे सुरू केली आहेत. ती पूर्ण होईपर्यंत थांबावे का?

या प्रश्नाला आम्ही मुद्दाम जास्त जागा देत आहोत, कारण आपल्याकडे फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या निदानाला होणाऱ्या उशिराचे हे एक नेहमीचे कारण आहे. दोन्ही आजारांत खोकला, ताप, वजन घटणे आणि थुंकीतून रक्त पडणे ही लक्षणे सामाईक आहेत. दोन्ही आजार फुफ्फुसाचा वरचा भाग पसंत करतात, दोन्हींत पोकळी होऊ शकते, दोन्हींत छातीत पाणी होते. क्षयरोग भारतात मोठ्या प्रमाणावर असल्यामुळे डॉक्टरांच्या मनात तो आधी येतो, आणि त्यात काही गैर नाही. गैर तेव्हा होते, जेव्हा थुंकीत जंतू सापडलेले नसताना केवळ एक्स-रेवरून औषधे सुरू होतात आणि सुधारणा दिसत नसतानाही ‘कोर्स पूर्ण करू या’ असे म्हणत सहा महिने जातात.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा : थुंकीच्या तपासणीत किंवा सीबीनॅट (क्षयाच्या जंतूंची जनुके शोधणाऱ्या) तपासणीत जंतू मिळाले होते का? मिळाले असतील तर निदान पक्के आहे आणि औषधे अजिबात सोडू नयेत. मिळाले नसतील, औषधे सुरू होऊन काही आठवडे लोटले असतील आणि भूक, वजन, ताप यांत फरक नसेल किंवा दुसऱ्या एक्स-रेत सावली तशीच अथवा मोठी झालेली दिसत असेल, तर सीटी स्कॅनसाठी कोर्स संपण्याची वाट पाहू नये. औषधे मनाने बंद करणेही धोक्याचे आहे. दोन्ही आजार एकाच फुफ्फुसात एकत्र असू शकतात, आणि जुन्या क्षयरोगाच्या वणाशेजारी कर्करोग उद्भवल्याची उदाहरणेही डॉक्टरांच्या परिचयाची आहेत.

न्यूमोनियालाही हेच लागू आहे. प्रतिजैविके घेऊन ताप उतरला, पण सहा-आठ आठवड्यांनंतरही एक्स-रेवरची सावली निवळली नाही, तर ती का निवळली नाही याचा शोध घ्यायला हवा.

करोनाच्या वेळी एचआरसीटी केला होता. तोच पुन्हा केला तर चालेल का?

करोनाच्या दोन वर्षांत ‘एचआरसीटी’ हा शब्द घराघरांत पोहोचला, त्यामुळे अनेक नातेवाईक चिठ्ठी नसतानाही तोच मागतात. एचआरसीटी हा फुफ्फुसाच्या उतींचे बारकावे पाहण्यासाठी, बहुधा कोणतेही इंजेक्शन न देता केलेला सीटी असतो. कर्करोगाची शंका असताना गाठ आणि रक्तवाहिन्या यांचा संबंध पाहायचा असतो, दोन फुफ्फुसांच्या मधल्या जागेतल्या लसिका ग्रंथी रक्तवाहिन्यांपासून वेगळ्या ओळखायच्या असतात. त्यासाठी शिरेतून आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट, म्हणजे बोलीभाषेतले ‘डायचे इंजेक्शन’, द्यावे लागते. शिवाय हा स्कॅन छातीवर न थांबता पोटाच्या वरच्या भागापर्यंत नेला जातो, कारण यकृत आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथी या फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या प्रसाराच्या नेहमीच्या जागा आहेत.

जुना एचआरसीटी मात्र टाकून देऊ नये. त्या वेळी कुणाचे लक्ष न गेलेली लहान गाठ त्यात असेल, तर आजच्या स्कॅनशी तुलना करून ती किती वेगाने वाढली हे सांगता येते.

डायच्या इंजेक्शनने किडनीला त्रास होतो, असे ऐकले आहे.

मूत्रपिंडे निरोगी असतील तर धोका फारच कमी असतो. म्हणूनच आधी रक्तातील क्रिएटिनिन तपासतात. मूत्रपिंडाचे काम मंदावले असेल, मागे कधी अशा इंजेक्शनने अंगावर पित्त उठले असेल किंवा दम लागला असेल, थायरॉईडचा आजार असेल किंवा रुग्ण मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी घेत असेल, तर ते स्कॅनपूर्वी सांगावे. इंजेक्शन जाताना अंगभर ऊब पसरते आणि लघवी झाल्यासारखे वाटते. हे मिनिटभरात ओसरते आणि त्यात घाबरण्यासारखे काही नसते.

सीटीच्या अहवालात ‘७ मिलिमीटरची गाठ’ असे लिहिले आहे आणि डॉक्टर सहा महिन्यांनी या म्हणतात. हा निष्काळजीपणा नाही का?

बहुतेक वेळा नाही. तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गोलसर सावलीला नोड्यूल म्हणतात, त्याहून मोठी असेल तर मास. लहान नोड्यूल फार लोकांच्या फुफ्फुसांत असतात आणि त्यांतील बहुसंख्य निरुपद्रवी असतात. सात मिलिमीटरच्या गाठीत सुई नेमकी नेणे कठीण असते, पेट-सीटीत ती विश्वासार्हपणे दिसत नाही, आणि शस्त्रक्रिया करून काढली तर बहुधा जुना वणच हाती येतो. अशा वेळी काळ हीच सर्वांत उपयोगी तपासणी ठरते.

फ्लाइश्नर सोसायटी या छातीच्या स्कॅनतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शनानुसार, ३५ वर्षांवरील आणि पूर्वी कर्करोग न झालेल्या व्यक्तीत ६ मिलिमीटरहून लहान घन गाठ असेल आणि इतर धोका कमी असेल, तर पुन्हा सीटी करण्याची गरज नसते. एकच घन गाठ ६ ते ८ मिलिमीटरची असेल तर ६ ते १२ महिन्यांनी सीटी करतात. गाठ ८ मिलिमीटरहून मोठी असेल, तर तीन महिन्यांनी सीटी, पेट-सीटी किंवा बायॉप्सी यांपैकी काय करावे हे रुग्ण पाहून ठरवतात. दुधी काचेसारखी धूसर दिसणारी सावली वेगळ्या हिशेबाने पाहिली जाते. ती फार सावकाश वाढते, म्हणून घन गाठीवर सुमारे दोन वर्षे लक्ष ठेवणे पुरेसे मानले जाते, तर हिच्यावर पाच वर्षे ठेवावे लागते.

वाढ मोजण्याचे गणित थोडे फसवे आहे. ८ मिलिमीटरची गाठ १० मिलिमीटरची झाली, तर वाचणाऱ्याला ‘दोनच मिलिमीटर’ वाटतात. पण व्यास चतुर्थांशाने वाढला की घनफळ जवळजवळ दुप्पट होते. घन स्वरूपाच्या कर्करोगाला दुप्पट व्हायला साधारण एक महिना ते एक वर्ष लागते. काही दिवसांतच दुप्पट झालेली सावली बहुधा जंतुसंसर्गाची निघते.

रेडिओलॉजिस्ट कशावरून गाठ ‘संशयास्पद’ ठरवतात?

आकार, किनार, घनता आणि वाढ यांवरून. सूर्याच्या किरणांसारखे काटे फुटलेली किनार संशय वाढवते, गुळगुळीत किनार तो काहीसा कमी करते. गाठीच्या मध्यभागी किंवा थराथरांनी चुना साठलेला असेल, अथवा तो मक्याच्या लाहीसारखा दिसत असेल, तर गाठ निरुपद्रवी असण्याची शक्यता खूप वाढते. गाठीत चरबी दिसली तरी तसेच. पण क्षयरोगाची गाठही काटेरी असू शकते आणि कर्करोगाची गाठही गुळगुळीत, त्यामुळे अहवालात ‘निओप्लास्टिक असण्याची शक्यता, हिस्टोपॅथॉलॉजीने खात्री करावी’ (म्हणजे कर्करोगासारखी वाढ असू शकते, तुकडा तपासून खात्री करावी) असे जे वाक्य असते, ते जबाबदारी टाळण्यासाठी लिहिलेले नसते. सावली वाचणाऱ्याला तिच्या मर्यादेत राहून जेवढे प्रामाणिकपणे सांगता येते, तेवढे ते सांगते.

स्कॅनमध्ये इतके स्पष्ट दिसत असताना बायॉप्सी हवीच का? सुई टोचल्याने आजार पसरतो ना?

बायॉप्सी हवीच. केमोथेरपी, रेडिएशन किंवा इम्युनोथेरपी यांपैकी काहीही केवळ सावलीच्या भरवशावर सुरू करणे योग्य नाही, आणि याला अपवाद अगदी थोडे आहेत. शस्त्रक्रियेला योग्य असलेली लहान, अत्यंत संशयास्पद गाठ कधी कधी थेट काढून शस्त्रक्रियेदरम्यानच तपासतात. एरवी कर्करोग आहे का, असेल तर स्मॉल सेल की इतर प्रकारचा, अॅडिनोकार्सिनोमा की स्क्वेमस, हे तुकडाच सांगतो. अलीकडे तर त्याच तुकड्यावर ईजीएफआर, एएलके, आरओएस१ यांसारखे जनुकीय बदल आणि पीडी-एल१ हे प्रथिन तपासले जाते आणि त्यावरून रुग्णाला रोजची गोळी पुरेल की सलाइनमधून औषध द्यावे लागेल हे ठरते. यांतले काहीही कोणत्याही स्कॅनमध्ये दिसत नाही.

सुईच्या वाटेवर कर्करोग पसरणे ही अत्यंत विरळ घटना आहे. खरी गुंतागुंत वेगळी आहे. सीटीच्या मदतीने बाहेरून सुई घातल्यावर दर चार-पाच रुग्णांमागे साधारण एकाला फुफ्फुसाभोवती थोडी हवा जमते. बहुतेकांत ती आपोआप शोषली जाते, थोड्यांनाच नळी घालावी लागते. ज्यांचे फुफ्फुस धूम्रपानाने आधीच फुगलेले असते, त्यांना हा धोका जास्त असतो.

स्कॅनचे काम इथे संपत नाही, कारण सुई कुठे घालावी हे तोच सुचवतो. समजा, सीटीत फुफ्फुसात खोलवर गाठ आहे, मधल्या ग्रंथी सुजल्या आहेत आणि मानेत हासळीच्या वर एक ग्रंथी हाताला लागते आहे. अनुभवी डॉक्टर आधी मानेतल्या ग्रंथीत सुई घालतील. ती सर्वांत सोपी आणि सुरक्षित जागा आहे, आणि तिथे कर्करोग निघाला तर निदान आणि स्टेज दोन्ही एकाच टोचणीत मिळतात. म्हणूनच शक्य तिथे सीटी आधी आणि श्वासनलिकेत दुर्बीण घालून करायची तपासणी नंतर, हा क्रम ठेवतात.

स्टेज म्हणजे काय, आणि ती स्कॅनवरून कशी ठरते?

स्टेज म्हणजे आजार शरीरात कुठपर्यंत पोहोचला आहे याची मोजणी. त्यासाठी जगभर टीएनएम ही पद्धत वापरतात. तिची नववी आवृत्ती २०२५ पासून लागू झाली. टी म्हणजे मूळ गाठ, एन म्हणजे लसिका ग्रंथी, एम म्हणजे दूरवरचा प्रसार.

गाठीचा आकार ३ सेंटिमीटरपर्यंत असेल तर टी१, ३ ते ५ असेल तर टी२, ५ ते ७ असेल तर टी३ आणि ७ हून मोठी असेल तर टी४. पण केवळ फूटपट्टीने हे काम भागत नाही. लहान गाठ छातीच्या भिंतीत घुसली असेल तर ती टी३ होते आणि हृदयात, महाधमनीत किंवा मणक्यात घुसली असेल तर टी४. गाठीच्याच खंडात दुसरी गाठ असेल तर टी३, त्याच फुफ्फुसाच्या दुसऱ्या खंडात असेल तर टी४ आणि दुसऱ्या बाजूच्या फुफ्फुसात असेल तर तो प्रसार धरला जातो.

उपचाराची दिशा सर्वांत जास्त ठरते ती एनवरून. फुफ्फुसाच्या मुळाशी, त्याच बाजूच्या ग्रंथींत आजार असेल तर एन१. दोन फुफ्फुसांच्या मधल्या जागेत, त्याच बाजूला किंवा श्वासनलिकेच्या दुभाजकाखाली असेल तर एन२. पलीकडच्या बाजूला किंवा हासळीच्या वर असेल तर एन३. एन१पर्यंत शस्त्रक्रियेचा विचार प्रामुख्याने होतो, एन३ मध्ये तो सहसा होत नाही, आणि एन२ हा शल्यविशारद, मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट व रेडिएशनतज्ज्ञ यांनी एकत्र बसून ठरवायचा प्रांत आहे. नव्या आवृत्तीत एन२चे दोन भाग केले, एकाच ठिकाणच्या ग्रंथी आणि एकाहून अधिक ठिकाणच्या ग्रंथी, तेही याच कारणाने.

एममध्ये फुफ्फुसाभोवतीच्या किंवा हृदयाभोवतीच्या पाण्यातील कर्करोगपेशी, दुसरे फुफ्फुस, मेंदू, हाडे, यकृत, अॅड्रिनल इत्यादी येतात आणि यांपैकी काहीही असेल तर स्टेज चौथी धरतात. इथे एक सावधगिरी हवी. छातीत पाणी दिसले म्हणजे चौथी स्टेज, असे परस्पर ठरवू नये. ते पाणी सोनोग्राफीच्या मदतीने काढून त्यात कर्करोगपेशी आहेत का हे पाहावे लागते, कारण क्षयरोगाने, न्यूमोनियाने आणि हृदयाच्या दुखण्यानेही पाणी होते. अॅड्रिनलमधल्या गाठीचेही तसेच. अनेक धडधाकट माणसांतही तिथे निरुपद्रवी गाठ असते, आणि इंजेक्शनविना केलेल्या सीटीत तिची घनता १० हाउन्सफील्ड एककांहून कमी आली तर ती बहुधा तशीच निरुपद्रवी असते. हे एकक सीटी स्कॅनचे जनक आणि १९७९ च्या नोबेल पुरस्काराचे मानकरी गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या नावाचे आहे.

स्मॉल सेल प्रकारात टीएनएमबरोबरच एक जुनी, सोपी विभागणी अजून वापरात आहे : आजार रेडिएशनच्या एका क्षेत्रात मावतो की त्यापलीकडे गेला आहे.

पेट-सीटीमध्ये वेगळे काय दिसते?

सीटी रचना दाखवतो, पेट पेशींची साखरेची भूक दाखवतो. ग्लुकोजसारख्या एका रेणूला फ्लोरिन-१८ हा किरणोत्सर्गी अणू जोडून केलेले एफडीजी हे औषध शिरेतून देतात आणि सुमारे तासाभराने स्कॅन करतात. ज्या पेशी साखर भराभर वापरतात, तिथे औषध साठते आणि ती जागा उजळते. फ्लोरिन-१८ ची तीव्रता दर ११० मिनिटांनी निम्मी होते, त्यामुळे औषध साठवून ठेवता येत नाही. ते सायक्लोट्रॉनमध्ये त्याच दिवशी बनवून केंद्रावर पोहोचवावे लागते. रुग्ण तासभर उशिरा पोहोचला तर केंद्रावर कुरकुर होते ती यासाठी. भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला. आज ही सोय राज्यातील अनेक शहरांत आहे.

पेटचा मोठा फायदा असा की सीटीत साध्या दिसणाऱ्या ग्रंथीतला किंवा हाडातला आजार त्यात उमटू शकतो. जिथे शस्त्रक्रिया किंवा पूर्ण बरे करण्याच्या हेतूने रेडिएशन करायचे आहे, तिथे तो आधी करणे आवश्यक मानले जाते, कारण दूरवर प्रसार असताना छाती उघडण्याचा व्यर्थ त्रास त्यामुळे टळतो. उलट, ज्याच्या यकृतात आणि दुसऱ्या फुफ्फुसात प्रसार झाल्याचे सीटी व बायॉप्सीने आधीच सिद्ध झाले आहे, त्याला पेट-सीटीने उपचार बदलेल का, हे डॉक्टरांना विचारायला संकोच करू नये.

पेटमध्ये चमकले म्हणजे कर्करोग, नाही चमकले म्हणजे नाही, असे समजावे का?

दोन्ही समज चुकीचे आहेत. साखर फक्त कर्करोगपेशी खात नाहीत. जंतूंशी लढणाऱ्या पेशीही ती खातात. क्षयरोगाच्या ग्रंथी, सारकॉइडोसिस, बुरशीचा संसर्ग, दगडखाणीत काम केलेल्या माणसाच्या फुफ्फुसातला सिलिकोसिस, हे सगळे पेटमध्ये लखलखतात. त्यामुळे क्षयरोगाचे प्रमाण कमी असलेल्या देशांत पेटच्या अहवालावर जितके विसंबता येते, तितके आपल्याकडे विसंबता येत नाही. अहवालात ती जागा किती औषध शोषते हे सांगणारा एसयूव्ही नावाचा आकडा असतो आणि अडीचच्या वर म्हणजे कर्करोग, असा एक ठोकताळा प्रचलित आहे. त्या आकड्यावर कुणाचे भवितव्य ठरवू नये. क्षयरोगाच्या ग्रंथीचा एसयूव्ही दहाच्या वरही जाऊ शकतो.

दुसऱ्या बाजूने, ८ ते १० मिलिमीटरहून लहान गाठी, दुधी काचेसारखे संथ अॅडिनोकार्सिनोमा आणि कार्सिनॉइड प्रकारच्या गाठी कर्करोगाच्या असूनही फिक्या राहू शकतात.

मधल्या जागेतल्या ग्रंथी चमकल्या म्हणून एन२ किंवा एन३ लिहून रुग्णाला शस्त्रक्रियेतून बाद करणे, ही आमच्या मते क्षयरोगाच्या देशातली सर्वांत महागडी चूक आहे. त्या ग्रंथींतून नमुना घेतला पाहिजे. त्यासाठी आता ईबस, म्हणजे टोकाला सोनोग्राफी बसवलेली दुर्बीण, अनेक मोठ्या रुग्णालयांत उपलब्ध आहे. श्वासनलिकेतूनच ग्रंथी पाहून तिच्यात सुई घालता येते, छेद घ्यावा लागत नाही. शरीरात दूर कुठे एकच ठिपका चमकला असेल आणि केवळ त्यामुळे चौथी स्टेज ठरत असेल, तर त्या ठिपक्याचीही खात्री तुकडा काढून किंवा दुसऱ्या स्कॅनने करून घ्यावी.

आईला मधुमेह आहे. पेट-सीटीची तयारी कशी करावी?

स्कॅनपूर्वी चार ते सहा तास काही खाऊ नये. चहा, दूध, फळांचा रस, साखर असलेली खोकल्याची गोळी हेही चालत नाही. साधे पाणी भरपूर प्यावे. आदल्या दिवशी जड व्यायाम, लांब चालणे टाळावे, नाहीतर दमलेले स्नायूच चमकतात. रक्तातील साखर २०० मिलिग्रॅमच्या आसपास किंवा वर असेल तर औषध आणि साखर यांची पेशींत शिरण्यासाठी चढाओढ होते आणि चित्र फिके येते, म्हणून स्कॅन पुढे ढकलतात. साखर उतरवण्यासाठी ऐन वेळी इन्सुलिन टोचून घेऊ नये, कारण मग औषध स्नायूंत ओढले जाते. कोणत्या गोळ्या कधी घ्यायच्या, हे नोंदणी करतानाच केंद्राला विचारावे आणि शक्यतो सकाळची वेळ मागावी.

घरी परतल्यावर आईला वेगळे ठेवण्याची गरज नाही. मात्र त्या दिवशी काही तास लहान मुलांना मांडीवर घेऊ नये आणि गर्भवतीजवळ फार वेळ बसू नये. सहा तासांत फ्लोरिनची तीव्रता दहाव्या भागापर्यंत उतरते.

पेट-सीटी सगळ्या शरीराचा असतो, मग मेंदूचा एमआरआय वेगळा कशासाठी?

मेंदू ही मुळातच साखरेवर चालणारी यंत्रणा आहे. पेटमध्ये सगळा मेंदू उजळलेला असतो आणि त्या उजेडात लहान गाठ हरवते. फुफ्फुसाचा कर्करोग मेंदूत पसरण्याचे प्रमाण मोठे आहे, आणि गॅडोलिनियमचे इंजेक्शन देऊन केलेल्या एमआरआयमध्ये काही मिलिमीटरचा प्रसारही दिसतो. स्मॉल सेल प्रकारात आणि आजार पहिल्या टप्प्याच्या पुढे गेलेला असताना डोकेदुखी नसली तरी हा एमआरआय करतात. पॅनकोस्ट ट्यूमरमध्ये हाताकडे जाणाऱ्या नसा गाठीत सापडल्या आहेत का, आणि पाठदुखी, पायांत अशक्तपणा असेल तर मज्जारज्जूवर दाब आहे का, हेही एमआरआयच नीट सांगतो. पायांची ताकद अचानक कमी झाली तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. पेसमेकर, मेंदूतील धातूची क्लिप किंवा डोळ्यात गेलेला धातूचा कण असेल तर आधी सांगणे आवश्यक आहे.

बोन स्कॅनही करावा लागतो का?

पेट-सीटी झाला असेल तर सहसा नाही. पेट उपलब्ध नसेल किंवा परवडत नसेल, तर छाती व पोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी, मेंदूचा एमआरआय आणि बोन स्कॅन मिळून बरेचसे काम भागते.

इतक्या स्कॅनच्या किरणांनीच कर्करोग होणार नाही ना?

छातीच्या एक्स-रेमध्ये साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट, कमी मात्रेच्या सीटीत सुमारे १.५, नेहमीच्या छातीच्या सीटीत ६ ते ७, आणि पेट-सीटीत पद्धतीनुसार १५ ते २५ मिलिसिव्हर्ट एवढा किरणोत्सर्ग मिळतो. जमीन, हवा आणि आकाशातून प्रत्येक माणसाला जगात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात. साठीच्या माणसाला कर्करोगाची ठोस शंका असताना, या मात्रेमुळे पुढे कित्येक वर्षांनी होऊ शकणारा किंचित धोका निदान चुकण्याच्या धोक्यापुढे नगण्य आहे. तरुण, निरोगी व्यक्तीने हौसेने ‘फुल बॉडी’ तपासणी करून घेणे ही गोष्ट वेगळी, आणि ती आम्ही सुचवत नाही. गर्भवती असण्याची शक्यता असेल तर ते आधी सांगावेच.

वडील तीस वर्षे विडी ओढतात, त्रास काही नाही. दरवर्षी सीटी करावा का?

त्रास नसताना तपासणे याला स्क्रीनिंग म्हणतात. साध्या एक्स-रेचा त्यासाठी उपयोग होत नाही, हे अमेरिकेतील मोठ्या चाचणीत २०११ मध्ये स्पष्ट झाले. त्याच वर्षी तिथल्याच ५३ हजारांहून अधिक लोकांच्या दुसऱ्या चाचणीत, कमी मात्रेचा सीटी दरवर्षी करणाऱ्यांत फुफ्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी घटल्याचे दिसले, आणि २०२० मध्ये नेदरलँड्स व बेल्जियममधील चाचणीने तशीच पुष्टी दिली. अमेरिकेत आता ५० ते ८० वर्षांच्या, रोज एक पाकीट याप्रमाणे वीस वर्षे किंवा त्या हिशेबाने सिगारेट ओढलेल्या आणि अजून ओढणाऱ्या किंवा गेल्या पंधरा वर्षांत सोडलेल्या लोकांना ही तपासणी सुचवली जाते.

भारतात असा राष्ट्रीय कार्यक्रम नाही. त्या अमेरिकी चाचणीतही सीटीत सापडलेल्या संशयास्पद गोष्टींपैकी ९६ टक्के कर्करोग नव्हत्या. जिथे जुन्या क्षयरोगाचे वण इतके सर्वत्र आहेत, तिथे हा गोंधळ आणखी वाढणार. विडीचे गणित पाकिटाच्या हिशेबात सरळ बसत नाही, आणि आपल्याकडे कधीच धूम्रपान न केलेल्या स्त्रियांनाही हा आजार होतो, त्या या निकषांत येतच नाहीत. तेव्हा वडिलांसाठी हा निर्णय छातीरोगतज्ज्ञांशी बोलून घ्यावा. विडी सोडण्यासाठी मात्र कोणत्याही स्कॅनची वाट पाहायची नाही. आणि खोकल्यातून रक्त पडत असेल, तर तो विषय स्क्रीनिंगचा उरत नाही, थेट तपासणीचा होतो.

उपचार सुरू झाल्यावर पुन्हा स्कॅन कधी होतो?

औषधोपचार चालू असताना साधारण दोन-तीन महिन्यांनी सीटी करून गाठींची मापे ताडून पाहतात. मोजलेल्या गाठींच्या मापांची बेरीज किमान ३० टक्क्यांनी घटली तर अंशतः प्रतिसाद आणि ती सर्वांत कमी झाली होती तेव्हापासून २० टक्क्यांनी वाढली तर आजार पुढे सरकला, असे ढोबळमानाने धरतात. इम्युनोथेरपीत काही थोड्या रुग्णांच्या गाठी आधी फुगलेल्या दिसून नंतर आक्रसतात, आणि रेडिएशननंतर फुफ्फुसात वण पडून नवी सावली तयार होते. म्हणून रेडिएशननंतरचा पेट साधारण तीन महिने थांबून करतात. शस्त्रक्रियेनंतर पहिली दोन वर्षे दर सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा सीटी, असा सर्वसाधारण क्रम असतो.

दुसरे मत घ्यायला मुंबईला जायचे आहे. सोबत काय न्यावे?

केवळ अहवालाचा कागद नेऊ नये. प्रत्येक स्कॅनची सीडी किंवा पेन ड्राइव्ह मागून घ्यावा आणि त्यात चित्रे डायकॉम (स्कॅनच्या मूळ, संगणकावर पूर्ण पाहता येणाऱ्या) स्वरूपात आहेत ना, याची केंद्रातच खात्री करावी. फिल्मवर निवडक कापच छापलेले असतात आणि मोबाइलवर काढलेल्या फिल्मच्या फोटोवरून कुणीही जबाबदारीने मत देऊ शकत नाही. जुने एक्स-रे, थुंकीच्या तपासण्यांचे निकाल, टीबीची औषधे कधी सुरू झाली त्याची नोंद हेही घ्यावे. बायॉप्सी झाली असेल तर अहवालाबरोबर काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक पॅथॉलॉजी विभागातून मागून घ्यावा. पुढच्या जनुकीय तपासण्या त्याच ब्लॉकवर होऊ शकतात आणि रुग्णाला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागत नाही. तो ब्लॉक उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये, मेण वितळते.